पावण्यांची चाकं

“पावणं, तुम्ही खुर्चीवर बसा. हात काळं करू नगा.”

मामांनी माझ्या हातातला पाना अलगद काढून घेतला आणि जानबाकाकांकडे दिला. मामा म्हणजे माझे सासरे, पुंडलिक गावडे. चंदगडच्या रस्त्याला, घराला लागूनच, त्यांचं गॅरेज होतं आणि मी त्या गॅरेजात जावई म्हणून बसत होतो. बसत होतो हे अगदी खरंखुरं. दारात माझ्यासाठी एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. बाकीचे जुन्या टायरवर नाहीतर ऑइलच्या डब्यावर टेकत. चहा आला की त्यांना स्टीलचे पेले, मला कपबशी.

मी मूळचा टर्नर. शिरोलीला ज्या कारखान्यात होतो तो बंद पडला, त्याच सुमाराला सासूबाईंचे, म्हणजे मामींचे, गुडघे गेले. वैजयंता त्यांची एकुलती एक लेक. ती म्हणाली, “आईला एकटीला कसं ठेवायचं?” मी म्हणालो, “चल, जाऊ या.” गॅरेजात मागच्या बाजूला एक लेथ, लोखंड कातायचं यंत्र, आहे हे मला ठाऊक होतं. त्याचा टर्नर गोव्याला निघून गेल्यापासून त्याच्यावर गोणपाट पडलं होतं. मला वाटलं, गोणपाट काढायचं आणि कामाला लागायचं. पण जावयानं सासऱ्याच्या गॅरेजात लेथ चालवायचा म्हणजे लोक काय म्हणतील? मामांनी मला बेळगावहून स्पेअर पार्ट आणायचं काम दिलं. तेही आठवड्यातून एकदा, आणि जाताना मामींनी डबा दिलेला.

आमच्या भागात जावयाला पावणंच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण पावणा दोन-चार दिवसांचा असतो. मला तिथं तिसरं वर्ष लागलं होतं. घरी पहिलं ताट माझं. मी जेवल्याशिवाय मामा जेवत नसत. मामी गुडघे दुखत असतानाही उठून उठून वाढायच्या, “एवढी अर्धी भाकरी घ्या, माझ्या गळ्याची आण हाय,” आणि माझं पोट फुटायची वेळ यायची. मामांच्या शिव्या सगळ्या तालुक्याला माहीत होत्या. जानबाकाका त्यांचे चुलतभाऊ आणि गॅरेजातले मिस्त्रीही, ते रोज सकाळी चहाबरोबर दोन खात. मला कधी साधं ‘अहो, असं नव्हे’सुद्धा ऐकायला मिळालं नाही.

शेवटी मी चाकणच्या एका मित्राला फोन केला. त्यानं त्याच्या कारखान्यात माझं काम पक्कं केलं. मंगळवारी हजर व्हायचं होतं. वैजूला सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी होती. तिनं जाळ मागं ओढला.

“तुम्ही जाशिला तिथं मी येणार,” ती म्हणाली. “पण रविवारी देवीचं जेवण हाय. तेवढं होऊन जाऊ दे.”

“होऊ दे. तुझ्या आईला एकदा सड्यावर नेतो, मग जाऊ.”

“कसं नेणार?”

“चाकं घेतलीत मी.”

ती चाकं आदल्या आठवड्यात बेळगावच्या भंगार बाजारात दिसली होती. कुठल्यातरी नव्या, दांडग्या गाडीची चार चाकं, चांगली रुंद आणि उंच. टायर अजून निम्म्याहून जास्त बाकी. बघितली आणि मला मामांची जीपच आठवली.

ती जीप मामांनी तरुणपणी मिलिटरीच्या लिलावातून उचलली होती. दर दसऱ्याला तिला स्वतः ब्रशनं हिरवा रंग द्यायचे. घरात तिला ‘गाडी’ म्हणत आणि जगातल्या बाकी सगळ्या गाड्यांना ‘वाहनं’. धुवायचंसुद्धा दुसऱ्या कुणाला देत नसत. एकदा जानबाकाकांनी टपावर कॅरियर बसवायला तिच्या पत्र्याला भोक पाडायची गोष्ट काढली, तर मामा त्यांच्याशी पावसाळाभर बोलले नाहीत. दरवर्षी चैत्रात सगळं घर त्या जीपमधून सड्यावरच्या सातेरी देवीला जायचं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. शेवटच्या चढाला रस्ता असा नाहीच, नुसते गुडघ्याएवढे दगड. मागच्या वर्षी तिथंच घोडं अडलं. गाडीची जुनी चाकं बुटकी, टायर गुळगुळीत. गाडी एका दगडावर पोट टेकून बसली. बाकीचे चालत वर गेले. मामी खालीच एका आंब्याखाली बसून राहिल्या आणि नैवेद्य दुसऱ्याच्या हातानं वर गेला. येताना त्या सारख्या मागं वळून सड्याकडं बघत होत्या. चाकं मोठी असती तर गाडीचं पोट त्या दगडावरून निघून गेलं असतं, एवढं मला तेव्हाच दिसलं होतं.

चाकं दुधाच्या टेम्पोच्या टपावरून आली. जानबाकाका दारातच उभे होते.

“ह्ये काय, पावण्यांनी स्वतःसाठी विमान घेतलं काय?”

मामांनी एका चाकाभोवती फेरी मारली, खाली बसले, बोल्टच्या भोकांवरून बोट फिरवलं.

“भोकं जुळतील,” ते म्हणाले. “पण मधलं भोक ल्हान हाय. आसाच्या हबवर बसायचं न्हाई. आणि रुंद असल्यामुळं आत स्प्रिंगच्या पाट्याला घासंल.”

“मधलं भोक मोठं करतो. आणि हब आणि चाक यांच्या मध्ये लोखंडी चकती घालतो, म्हणजे चाक बाहेर येईल आणि पाट्यापासून सुटेल. लांब बोल्ट मी बनवतो.”

“कशावर?”

“लेथवर.”

मामा उठले. हात पुसले. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

“तुमची हौस हाय तर करा,” ते म्हणाले.

हौस म्हणे! मला इतका राग आला की मी ते गोणपाट काढून पार गॅरेजबाहेर भिरकावलं. पोटासाठी केलं ते काम आणि जावयानं केलं ती हौस. वैजूला मी त्या संध्याकाळी सांगून टाकलं, “ही चाकं बसली आणि तुझी आई वर पोचली तर मी इथं राहायचा विचार करीन. नाही बसली तर सोमवारी सकाळची एसटी.” तिनं माझ्या शर्टावरची गोणपाटाची धूळ झटकली. नंतर म्हणाली, “बसवा की मग.”

लेथ म्हातारा होता, पण हाडाचा चांगला. दोन दिवस त्याची साफसफाई केली, पट्टा बदलला, आणि पहिली चकती लावली. लोखंडाची कातर, तो कुरळा कीस, निघायला लागली, तापल्या ऑइलचा तो ओळखीचा वास आला आणि माझा राग कुठल्याकुठं गेला. कितीतरी दिवसांनी माझे हात माझे वाटले. मामी गुडघे धरत धरत चहा घेऊन मागच्या दारापर्यंत आल्या. लेथच्या बेडवर त्यांनी कपबशी ठेवली. कंपनानं कप बशीत खुळखुळत राहिला.

“दमला असशिला,” त्या म्हणाल्या.

“नाही मामी. लई बरं वाटतंय.”

“त्या आवाजानं आमचं हे सकाळधरनं चार येळा दारात येऊन बघून गेलं. आत का येत न्हाईत म्हणून इचारलं तर म्हणालं, पावण्यांना वाटंल आपण तपासायला आलो.”

शनिवारी दुपारी गाडी जॅकवर घेतली. चाकं एकामागून एक अशी बसली की नट हातानं फिरावेत. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं वळवून बघितलं, उजवीकडं वळवून बघितलं, कुठं स्पर्श नाही. जॅक काढला. गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली, तालमीतून आलेल्या पोरासारखी. मागच्या चाकाच्या वर पत्र्याची कमान असते, तिच्यात आणि टायरमध्ये हात जाईल एवढी जागा होती. मामा तिथं वाकले. त्या जागेत त्यांनी हात घातला, काढला, पुन्हा घातला. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होतो.

“बरं हाय,” ते म्हणाले आणि निघून गेले.

मला एवढंच लागलं की शाबास म्हणाले नाहीत.

“घोडामैदान जवळच हाय पावणं,” जानबाकाका म्हणाले. “उद्या सकाळीच.”

रविवारी ऊन चढायच्या आत सगळं घर गाडीत चढलं. पुढं मामा आणि मामी. मामींना चढवायला मी आदल्या दिवशी लाकडाची पायरी करून ठेवली होती. मागं जानबाकाका आणि त्यांची बायको, वैजू, मामांच्या दोघी बहिणी, त्यांच्या सुना, नातवंडं. पायात भांडी, मांडीवर नैवेद्याची टोपली, मधे खपली गव्हाचं पोतं आणि गूळ. वर जाऊन खीर शिजवायची होती. मला अर्थातच पुढं मामींच्या शेजारी खास जागा ठेवली होती. मी मागं फळीवर लटकतो म्हणालो, तर सगळ्यांना इतकं वाईट वाटलं की मुकाट्यानं पुढं जाऊन बसलो.

गाडी अंगणातून निघाली. रस्त्यावर वळताना मागून आवाज आला. करकर सुरू झाली, मग किंचाळल्यासारखा आवाज, मग जळक्या रबराचा वास. पहिल्याच घासाला खडा. मामांनी ब्रेक लावला.

“पावण्यांची चाकं वरडालीत,” जानबाकाका मागून म्हणाले. “हात दाखवून अवलक्षण.”

मी उडी मारून मागं गेलो. गाडी भरल्याबरोबर मागचे पाटे दबले होते आणि पत्र्याची कमान टायरवर टेकली होती. मी वळणं तपासली होती, पाटा तपासला होता, सगळी मापं घेतली होती, पण रिकाम्या गाडीवर. कारखान्यात जॉब, म्हणजे घडवायचा नग, टेबलावर एकटा असतो. त्याच्या अंगावर दोन आत्या, काका-काकू आणि गव्हाचं पोतं नसतं. आणि ही गाडी या घरात आल्यापासून कधी रिकामी सड्यावर गेली नव्हती.

“जुनी चाकं लावतो,” मी म्हणालो. “अर्ध्या तासाचं काम आहे.”

मामी पुढं बसूनच म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. मी थांबते घरात. माझा नमस्कार सांगा देवीला.” त्यांनी टोपली मांडीवरून काढून वैजूकडे द्यायला हात मागं केला. वैजूनं ती घेतली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मामा खाली उतरून माझ्याजवळ आले. कमानीवरून हात फिरवला.

“मला काल दिसलं हुतं,” ते हळूच म्हणाले. “म्हटलं, कदाचित निभंल.”

“काल दिसलं होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत?”

मामांनी टोपी काढली, परत घातली.

“पावण्याला चूक कशी सांगायची?” ते म्हणाले.

तेव्हा माझं डोकं फिरलं. तीन वर्षांची खुर्ची, तीन वर्षांची कपबशी, सगळं एकदम वर आलं. सासरच्या सगळ्या गोतावळ्यासमोर, भर रस्त्यात, मी सासऱ्यांवर ओरडलो.

“मामा, हेच काम जानबाकाकांनी केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“त्येला?” मामा गोंधळले. “त्येला शिव्या घातल्या असत्या.”

“मग मला का नाही घालत? मी काय परका आहे? तुम्ही काल मला एक शिवी घातली असती तर आज मामी वर पोचल्या असत्या. नको मला तो मान. एक तरी शिवी घाला मला!”

गाडीत कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. मामींनी कपाळाला हात लावला. मामांचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ हलायला लागले. कितीतरी दिवस घशात अडकलेलं काहीतरी सुटावं तसे ते बोलले.

“मुडद्या,” ते म्हणाले. “गाढवा. रिकाम्या गाडीचं माप घेतंय व्हय कोण? अक्कल काय शिरोलीला ठेवून आलास?”

मग मला हसू आलं. ते आवरेना. मी रस्त्यावरच पत्र्याला धरून हसत राहिलो, आणि जानबाकाका मागून म्हणाले, “बरं झालं बाबा. आता सकाळची एक माझी कमी.” मग सगळी गाडीच हसायला लागली.

वैजू उतरायला निघाली तर मामा तिच्यावर खेकसले.

“कुणी हलायचं न्हाई. सगळ्यांचं वजन हाय तवर खूण करून घेतो. सर्जा, खडू आण.”

माझं नाव सर्जेराव. त्या घरात ते लग्नपत्रिकेवर छापलं होतं, त्यानंतर कुणी घेतलं नव्हतं. मी पळत जाऊन खडू आणला. मामांनी कमानीच्या पत्र्यावर, टायरच्या वर, गोल रेघ ओढली. दोन्ही बाजूंना. मग सगळ्यांना उतरवलं आणि मला म्हणाले, “आता कटर आण.”

जानबाकाकांचं हसू थांबलं.

“पुंडलिक, गाडी कापतोस?”

“कमान कापतोय.”

“मामा, नको,” मी म्हणालो. “त्यापेक्षा लहान टायर बघतो. बेळगावला…”

“चाक चांगलं हाय. त्येला कशाला ल्हान करायचं? पत्रा आपला हाय, तो घेईल की जरा सरकून.” त्यांनी स्वतःच जाऊन कटर वायरसकट गॅरेजातून ओढत आणला. मला वाटलं, स्वतः कापणार. पण त्यांनी ते मशीन माझ्या हातात दिलं. “रेघेवरनं जा. हात थरथरला तर बघ.”

ज्या गाडीला भोक पाडायची गोष्ट काढल्याबद्दल भावाशी अबोला धरला होता, त्या गाडीच्या पत्र्यावर मी कटर लावला. ठिणग्या उडाल्या. मामा माझ्या मागं उभे होते आणि सारखे बोलत होते. “वर घे. वर. आता डावीकडं. आंधळा हायस काय?” मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. हिरव्या पत्र्याचे दोन चंद्रकोरीसारखे तुकडे खाली पडले. मामांनी ते उचलले, फडक्यानं पुसले आणि गॅरेजात कोपऱ्यात उभे करून ठेवले. पुढं त्या तुकड्यांतून मी लेथची कातर भरायला दोन सुपल्या केल्या, त्या अजून वापरात आहेत.

सगळे परत चढले. या वेळी मी मागं फळीवर लटकलो आणि कुणाला वाईट वाटलं नाही. वळणावर आवाज आला नाही. सड्याच्या चढाला मामांनी गाडी लहान गिअरमध्ये टाकली. मागच्या वर्षीचा तो दगड आला. मी खाली वाकून बघत होतो. गाडीच्या पोटाखालून तो दगड सावकाश मागं निघून गेला. पुढं बसलेल्या मामींनी मागं वळून माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

मामी गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी, वैजूचा खांदा धरून, देवीपुढं गेल्या. नैवेद्य त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवला. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. आम्ही तिकडं तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलं होतं.

दुपारी पंगत बसली. सड्यावर वारं इतकं की पत्रावळीवर दगड ठेवावे लागत होते. नेहमीप्रमाणं पहिल्या पंगतीत, पहिल्या जागेवर, माझ्यासाठी घडी घातलेलं घोंगडं होतं. मी सवयीनं जाऊन बसलो. मांडी घालतोय तोवर मामा कमरेला टॉवेल गुंडाळत आले.

“सर्जा, तू कुठं बसालास? ऊठ. वाढायला माणसं कमी हाईत.”

जावयाला पत्रावळीवरून उठवतात हे त्या लोकांनी कधी बघितलं नव्हतं. थोरल्या आत्यांचा पत्रावळीवर ठेवायचा दगड हातातच राहिला.

“अवो, असं काय करताय?” मामी म्हणाल्या. “जावई हाय त्यो.”

“तुझा जावई असंल. घरातली माणसं मागनं जेवत्यात.” त्यांनी खिरीची बादली माझ्या हातात दिली. “थोरल्या आत्यांपास्नं सुरुवात कर. आणि गार व्हायच्या आत फीर.”

मी बादली घेतली. दोन पंगती वाढल्या. जानबाकाकांना मुद्दाम थोडी कमी वाढली तेव्हा त्यांनी ओरडा केला. वैजू माझ्या मागून भात वाढत होती. बादली बदलायला आम्ही पातेल्यापाशी एकत्र आलो तेव्हा ती म्हणाली, “कपड्यांची पेटी मी काल भरली न्हवतीच.”

सगळे जेवून देवळाच्या सावलीला पडले तेव्हा मी आणि मामा पातेल्यापाशी बसलो. भात संपला होता. आमटी तळाला होती.

“उद्या चाकणला जायचं हाय म्हणं तुला,” मामा म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

“पोरगी माझी हाय.” ते पातेल्यात वाकून बघत होते. “उद्या कोवाडच्या ट्रॅक्टरचा हब यायचा हाय लेथवर. म्या हो म्हणून बसलोय.”

“येऊ दे,” मी म्हणालो.

मामांनी पातेलं दोघांच्या मध्ये ओढलं. तळाला लागलेली, जराशी करपलेली खीर होती. ती आम्ही दोघांनी बोटांनी खरवडून खाल्ली. घे म्हणून आग्रह मला कुणीच केला नाही.